लांब इंग्रजी शब्द मध्येच अडतो? जिभेला दोष देण्याआधी हे तपासा

लालबागला मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते नऊ मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. यंदा बावीस वर्षं झाली. परळच्या रुग्णालयांत शिकणाऱ्या नर्सिंगच्या मुली येतात, औषध कंपनीत नुकती लागलेली मुलं येतात, बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारे, वकिलाकडे टायपिंग करणारे येतात. तक्रार बहुतेकांची एकच: "ताई, छोटे शब्द जमतात हो, लांब शब्द आला की गाडी अडते." हा बिघाड मी इतक्यांचा काढलाय की पहिल्या पाच मिनिटांत त्याची जागा कळते. जिभेत तो फारच क्वचित सापडतो.

लक्षणं

आधी तुमचं नेमकं काय होतंय ते ओळखा. उपाय लक्षणागणिक वेगळा आहे.

शब्दाचा मधला तुकडा गळतो. 'ॲडमिनिस्ट्रेशन'चं 'ॲडमिस्ट्रेशन' होतं, 'सुपरिंटेंडंट'चं 'सुप्रिटेंडंट'.

शब्द पूर्ण बोललात, एकही आवाज सोडला नाहीत, तरी समोरचा "सॉरी?" म्हणतो. दुसऱ्यांदा सावकाश सांगितलंत, तरी त्याला कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत हे लक्षण सगळ्यात जास्त दिसतं, आणि माणूस सगळ्यात जास्त खचतो तोही याच्यानेच, कारण आपलं चुकलं काय हेच त्याला समजत नाही.

मूळ शब्द नीट येतो, पण त्याला शेपूट लागली की घसरतो. 'रिस्पॉन्सिबल' येतं आणि 'रिस्पॉन्सिबिलिटी'ला ठेच लागते.

घरी आरशासमोर येतो, चार माणसांत येत नाही.

वाचताना सुरुवातीची दोन-तीन अक्षरं बघून पुढचं अंदाजाने ठोकलं जातं. 'कॉन्झर्वेशन' छापलेलं असतं, तोंडातून 'कॉन्वर्सेशन' निघतं.

पहिली तीन लक्षणं असतील तर खालच्या तपासण्यांनी काम होईल. चौथ्यात निम्मा भाग धीराचा असतो, पण शब्दाचा साचा तोंडात बसला की धीरही वाढतो. पाचवं लक्षण मराठी वाचतानाही दिसत असेल तर सरळ शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: एक लांब मराठी शब्द म्हणा

याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट. 'बृहन्मुंबई महानगरपालिका' एका दमात म्हणा. मग 'किंकर्तव्यविमूढ'. मग 'अण्णासाहेबांच्याबरोबरसुद्धा'. जमलं? मग तुमची जीभ, दात, टाळू, श्वास सगळं ठीक आहे. ज्या तोंडाला 'किंकर्तव्यविमूढ' पेलतं, त्याला कुठलाही इंग्रजी शब्द पेलतो.

ही तपासणी मी कधीच वगळत नाही. निम्मी मुलं "माझी जीभच जड आहे" असं मनाशी धरून आलेली असतात आणि त्या समजुतीपायी पुढचं काहीच शिकत नाहीत. 'महानगरपालिका' म्हणून झालं की चेहरा बदलतो. आणि मराठीतही अडलं, तर बिघाड इंग्रजीचा नव्हे. तोही शेवटच्या भागात.

दुसरी तपासणी: घास मोजा

इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात, त्याला आम्ही वर्गात 'घास' म्हणतो. 'अक्षर' म्हटलं की मुलं कागदावरची अक्षरं मोजायला लागतात आणि घोळ होतो. एक स्वर आणि त्याला धरून येणारी व्यंजनं, एवढा एक घास.

हाताची पालथी बाजू हनुवटीखाली आडवी धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके घास. 'ई' आणि 'उ' या स्वरांना हनुवटी फारशी हलत नाही, तिथे मोजणी चुकते. मग टाळी वाजवा.

स्पेलिंग बघून मोजू नका. 'वेन्स्डे' लिहिताना लांबलचक, तोंडात दोनच घास. 'कम्फर्टेबल'ला आपण चार घास देतो, इंग्रजी तोंड बहुधा तीनच देतं: कम्फ्-ट-बल. 'व्हेजिटेबल'ही तीन: व्हेज्-ट-बल. 'चॉकलेट' दोन. उलटीकडून, 'ॲडमिनिस्ट्रेशन'ला पाच घास लागतात आणि आपण चारातच उरकतो.

शब्दाचं घर किती खोल्यांचं आहे हेच माहीत नसेल तर एखादी खोली बाहेर राहणारच. पहिलं लक्षण, म्हणजे मधला तुकडा गळणं, नुसत्या मोजणीनेच बहुतेकांचं जातं. 'सू-प-रिन्-टेन्-डन्ट' हे पाच बोटांवर पाच वेळा मोजून घेतलेली मुलगी पुन्हा 'सुप्रिटेंडंट' म्हणाली नाही.

तिसरी तपासणी: जोर कुठे आहे

इथे थोडं थांबायला हवं. "सॉरी?"वाल्या लक्षणाचं मूळ इथे आहे.

लांब इंग्रजी शब्दात एका घासावर मुख्य जोर असतो. तो घास इतरांपेक्षा लांब, मोठ्या आवाजात आणि वरच्या पट्टीत येतो. ऐकणाऱ्याचा कान आधी तो घास पकडतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. जोर भलत्या ठिकाणी पडला की त्याच्या डोक्यात दुसराच शब्द शोधला जातो. तुमचे सगळे आवाज बरोबर असूनही शब्द पोचत नाही, तो यामुळे.

मराठीत जोर अर्थाला हात लावत नाही. 'सकाळ' कुठल्याही अक्षरावर जोर देऊन म्हटलं तरी सकाळच. त्यामुळे जोर ऐकायची सवय आपल्या कानाला लहानपणापासून लागलेलीच नसते. त्यात आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेतो. जिथे आ, ई, ओ दिसतात तिथे शाळेतल्या वृत्तांच्या तासाला शिकलेला गुरू आपोआप लागतो. भुजंगप्रयाताचं 'लगागा लगागा' ज्याला येतं त्याला घास फोडायला शिकवावं लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. पण वृत्तात एका ओळीत गुरू कितीतरी येतात. इंग्रजी शब्दात खरा गुरू एकच, बाकी लघू. फार लांब शब्द असेल तर आणखी एखाद्यावर अर्धा जोर.

जोर शोधायची रीत अशी. शब्दाला हाक मारा. चाळीच्या गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोराला हाक मारताना नावातला एक भाग आपोआप ताणला जातो, तसा शब्दाचा प्रत्येक घास आळीपाळीने ताणून बघा. मग फोनवरच्या शब्दकोशात तोच शब्द ऐका आणि कुठली हाक जुळते ते ठरवा. आधी ऐकून मग नक्कल केली तर कान आपल्याच सवयीचं ऐकतो. आधी चार हाका मारल्या की कानाला फरक कळू लागतो. क्रम उलटा करू नका.

वहीत जोराच्या घासाला अवग्रह, म्हणजे 'ऽ' ही खूण, लावा. 'डेव्हलपमेंट' आपण पहिल्या घासावर जोर देऊन म्हणतो. जोर दुसऱ्यावर आहे: डि-व्हेऽ-लप्-मन्ट. 'कमिटी'त मधल्यावर: क-मिऽ-टी. 'म्युनिसिपल'मध्ये दुसऱ्यावर: म्यु-निऽ-सि-पल.

शब्दकोशातल्या खुणाही ओळखून ठेवा. घासाच्या आधी वरच्या बाजूला उभी रेघ असेल तर पुढच्या घासावर मुख्य जोर, खालच्या बाजूला असेल तर अर्धा जोर. काही अमेरिकी कोशांत मूळ शब्दातच ठिपके दिलेले असतात. ते छापताना ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे सांगण्यासाठी असतात, घासांशी ते नेहमी जुळतीलच असं नाही. त्या तोडण्यातही दोन परंपरा आहेत. 'नॉलेज' हा शब्द अमेरिकी छपाईत उच्चारानुसार 'एल'नंतर तुटतो, जुन्या ब्रिटिश रिवाजात मूळ शब्द अखंड ठेवून 'एल'च्या आधी. दोन मुलांचं यावरून भांडण जुंपलं होतं, दोघांच्या हातात दोन कोश. दोघंही बरोबर होते.

जोराबाबतही काही शब्दांत ब्रिटिश आणि अमेरिकी वाटा वेगळ्या आहेत. 'लॅबोरेटरी' ब्रिटिश पद्धतीत दुसऱ्या घासावर: ल-बॉऽ-र-ट्री. अमेरिकी पद्धतीत पहिल्यावर: लॅऽ-ब्र-टो-री. एक धरा आणि त्यावर टिका. आणि जोर सुधारायचा म्हणून साहेबी सूर काढायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. आपला मराठी सूर राहू दे. जोर जागेवर बसला की शब्द पोचतो.

चौथी तपासणी: शेपूट बघा

प्रत्येक शब्दाचा जोर पाठ करायचा म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. सुदैवाने बहुतेक लांब शब्दांचा जोर त्यांची शेपूट ठरवते, म्हणजे प्रत्यय. शब्द डावीकडून वाचायची सवय सोडा, लांब शब्द दिसला की आधी उजवं टोक बघा.

'शन' दिसलं की जोर त्याच्या लगेच आधीच्या घासावर: अड्-मि-नि-स्ट्रेऽ-शन, प्र-नन्-सि-एऽ-शन. या दुसऱ्या शब्दात 'नाउन' नाही, 'नन' आहे, तेही बघून घ्या. 'इक' दिसलं तरी तसंच: ई-क-नॉऽ-मिक, सा-यन्-टिऽ-फिक. 'इअन', 'इअल', 'इअस' यांचंही हेच.

'इटी', 'लॉजी', 'ग्राफी', 'क्रसी' अशी शेपूट असेल तर शेवटून तिसरा घास: इ-लेक्-ट्रिऽ-सि-टी, बा-यॉऽ-ल-जी, डि-मॉऽ-क्र-सी.

'इअर' आणि 'ईज' या शेपट्या जोर स्वतःवरच घेतात: एन्-जि-निऽअर, जॅ-प-नीऽज.

'नेस', 'फुल', 'लेस', 'ली', 'मेंट' या जोराला हात लावत नाहीत. मूळ शब्दाचा जोर जिथे होता तिथेच राहतो.

तिसऱ्या लक्षणाचं उत्तर यात आलं. 'रि-स्पॉऽन्-सि-बल' म्हणायची सवय झालेला माणूस 'इटी' लावल्यावरही जोर 'स्पॉन्'वरच ठेवतो आणि पुढे चार घास उतारावरून घरंगळत जातात. जोर पुढे सरकवा: रि-स्पॉन्-सि-बिऽ-लि-टी. सहा घास, पाचव्या-सहाव्याला उतार, ठेच नाही. 'म्यु-निऽ-सि-पल'चंही तसंच 'म्यु-नि-सि-पॅऽ-लि-टी' होतं. आपल्या आजोबांनी त्याचं 'मुन्शिपाल्टी' केलं तेव्हा मधले हलके घास गाळले, पण 'पाल्'वरचा जोर अचूक धरला. अडाणीपणा म्हणून आपण त्याला हसतो; त्यांचा कान मात्र पक्का होता.

वर्गात मी नेहमी फळ्यावर लिहिते ते चौघं भाऊ हे: फोऽ-ट-ग्राफ, फ-टॉऽ-ग्र-फी, फ-टॉऽ-ग्र-फर, फो-ट-ग्रॅऽ-फिक. एकाच घरातले, आणि जोर तीन जागी. हे चार शब्द रोज दोन मिनिटं, आठवडाभर. बाकीच्या शेकडो शब्दांची चाल यातून हाताला लागते.

काही प्रत्यय मूळ शब्द हलवतात आणि काही नाही, याचं मुलांना आश्चर्य वाटतं. वाटू नये. 'समाज'ला 'इक' लावा: सामाजिक. 'इतिहास'ला लावा: ऐतिहासिक. आतला स्वर हलला. आता 'मोठा'ला 'पणा' लावा, 'शहाणा'ला 'पणा' लावा: मोठेपणा, शहाणपणा. पहिलं अक्षर ढिम्म. संस्कृतातून आलेला 'इक' शब्दाच्या मुळापर्यंत जातो, घरचा 'पणा' नुसता मागे चिकटतो. इंग्रजीतही 'नेस', 'फुल', 'लेस', 'ली' ही घरची मंडळी, मागे चिकटून राहणारी. जोर हलवणाऱ्या शेपट्या बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून, कित्येक फ्रेंचच्या वाटेने आलेल्या. 'मेंट' लॅटिनवरून फ्रेंचमार्गे येऊनही घरच्यासारखा वागतो, तेवढा लक्षात ठेवा.

अपवाद आहेत आणि ते रोजच्या वापरातले आहेत: अ-रिऽथ्-म-टिक, पॉऽ-लि-टिक्स, अॅऽ-र-बिक. यादी करून वहीच्या मागच्या पानावर ठेवा.

पाचवी तपासणी: बाकीचे घास हलके केलेत का

जोर सापडला, तरी शब्द जड वाटतो? मग बाकीच्या घासांना तुम्ही पूर्ण स्वर देताय. 'फोटोग्राफी' लिहिताना आपण दोन ओ, एक आ, एक ई ठसठशीत लिहितो आणि तसेच म्हणतो. इंग्रजीत जोर नसलेला स्वर बहुतेकदा मिटतो, आपल्या पुसट 'अ'सारखा होतो. म्हणून फ-टॉऽ-ग्र-फी. पहिल्या 'फो'तला ओ गेला, 'ग्रा'तला आ गेला.

"स्वर असा कसा खायचा, चूक नाही का ती?" असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. मी फळ्यावर 'कापूस' लिहिते. मग विचारते, कापसाचं पोतं म्हणताना 'पू' कुठे गेला? 'उंदीर'चा 'दी' 'उंदराला' म्हणताना कुठे जातो? शेपूट लागली की आतला स्वर मिटतो, हे आपण बोलायला लागल्यापासून करतोय. 'बसला' लिहितो तीन अक्षरी, म्हणतो 'बस्ला'. स्वर मिटवायची कला मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ती इंग्रजीत वापरायला परवानगी आहे, एवढंच सांगावं लागतं.

म्हणून माझा आग्रह असतो: वहीत इंग्रजी शब्दाचं नेहमीचं देवनागरी रूप असेल तर ते खोडा. 'फोटोग्राफी' खोडून 'फ-टॉऽ-ग्र-फी' लिहा. डोळ्यांना विचित्र दिसेल, दिसू दे. डोळा जे वाचतो तेच तोंड बोलतं.

सहावी तपासणी: शेपटीकडून बांधत या

एवढं करूनही शब्द मध्येच तुटत असेल तर उलटा बांधा. 'शन'. मग 'स्ट्रेऽशन'. मग 'निस्ट्रेऽशन'. 'मिनिस्ट्रेऽशन'. 'अड्मिनिस्ट्रेऽशन'. प्रत्येक पायरी तीनदा.

पुढून बांधताना तोंड ओळखीच्या भागाकडून अनोळखी भागाकडे जातं आणि शेवटी गोंधळतं. मागून बांधलं की प्रत्येक वेळी नव्याकडून ओळखीच्या भागाकडे जायचं असतं, आणि जोराचा घास दर पायरीवर घोटला जातो. मग शब्द वाक्यात घाला, फोनवर रेकॉर्ड करा आणि तीन दिवसांनी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चूक कानाला लागत नाही. दिवसाला तीन शब्द पुरेत. वीस घेणारी मुलं पंधरवड्यात वर्ग सोडतात, असा माझा अनुभव आहे.

सातवी तपासणी: शब्दाचे अवयव ओळखा

हे सगळ्यात वेळखाऊ काम, म्हणून सर्वांत शेवटी. पण वैद्यकीय, कायद्याच्या आणि विज्ञानाच्या शब्दांना याच्याशिवाय गत्यंतर नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट हवी. घास पाडणं आणि अवयव पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत. 'विद्यालय' तोंडात वि-द्या-लय असं येतं, अर्थात मात्र ते विद्या आणि आलय. सांध्याची जागा एक, घासाची दुसरी. 'हेलिकॉप्टर' तोंडात हे-लि-कॉप्-टर. अर्थाने मात्र ग्रीकमधला 'हेलिको', म्हणजे मळसूत्री, आणि 'प्टेर', म्हणजे पंख. सांधा 'को' आणि 'प्ट'च्या मध्ये आहे, आणि तिथे तोंड कधीच तुटत नाही. ही दोन्ही कामं एकदम करायला गेलेला विद्यार्थी दोन्हीकडे चुकतो. बोलण्यासाठी घास पाडा, समजण्यासाठी आणि स्पेलिंगसाठी अवयव पाडा.

नर्सिंगच्या मुलींना मी चार-पाच शेपट्या पहिल्या आठवड्यात देते. 'आयटिस' म्हणजे दाह, आणि जोर 'आय'वर: हे-प-टाऽय-टिस, अ-पेन्-डि-साऽय-टिस. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं, जोर 'एक्'च्या घासावर: अ-पेन्-डेऽक्-ट-मी. 'ओसिस' म्हणजे अवस्था किंवा विकार, जोर 'ओ'वर: ट्यु-बर्-क्यु-लोऽ-सिस. ('मे-ट-मॉऽर्-फ-सिस' हा त्यातला अपवाद.) शेपूट ओळखली की अर्थ, उच्चार आणि जोर तिन्ही एकदम हाती येतात.

'ओसिस'शी माझी ओळख फार आधीची. माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे हवेत कापसाची धूळ इतकी की पापण्या पांढऱ्या व्हायच्या. रविवारी घरी असले की बरे असायचे, सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी व्हायची. मी दहावीत असताना डॉक्टरांनी एका कागदावर रोगाचं नाव लिहून दिलं आणि दुसऱ्या खिडकीवर जाऊन सांगायला सांगितलं. मी ते स्पेलिंगवरून 'बायसीनासीस' असं काहीतरी वाचलं. आतल्या माणसाने तीनदा विचारलं. मागे रांग. मी कागद पुढे करायचंही विसरले आणि तशीच परत आले. तिथल्या एका सिस्टरने मला बाकावर बसवलं, टेबलावर बोट आपटत म्हणाली: बि-सि-नोऽ-सिस. बोट 'नो'वर जोरात. चार वेळा. मग मी पुन्हा खिडकीवर गेले आणि एका दमात सांगितलं.

'बिसोस' हा ग्रीक शब्द, जवसाच्या धाग्यापासून केलेल्या तलम कापडासाठीचा. त्याला 'ओसिस' लागून झालं कापसाच्या, अंबाडीच्या, जवसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचं नाव. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हे त्याचं ठळक लक्षण. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता, म्हणजे त्याच्यावर कामगाराचा हक्क उभा राहायचा. गिरणगावात ज्या घरांना त्या नावाचा उपयोग होता, त्यातल्या किती जणांना ते खिडकीवर सांगता आलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शाळकरी मुलं एक भला मोठा शब्द घेऊन येतात आणि "ताई, हा म्हणून दाखवा" म्हणतात. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस: पंचेचाळीस इंग्रजी अक्षरांचा, एकोणीस घासांचा. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी तो मुद्दाम सर्वांत लांब व्हावा म्हणून घडवला. घाबरू नका, अवयव पाडा: न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रा म्हणजे अति, मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्म, सिलिको म्हणजे सिलिका, व्होल्केनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ, आणि शेवटी आपला ओसिस. मुख्य जोर नेहमीप्रमाणे त्या 'ओ'वर. सात तुकडे, सातही ओळखीचे. डॉक्टर रोज म्हणतात तो शब्द मात्र साधा 'सि-लि-कोऽ-सिस'. दगडखाणीत, काचकामात सिलिकाच्या धुळीने होतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

वरच्या तपासण्या रोज पंधरा मिनिटं, महिनाभर करूनही फरक नसेल तर उच्चारशास्त्र शिकलेल्या इंग्रजीच्या शिक्षकाकडे जा. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणारा नको. पहिल्या भेटीत जो तुम्हाला बोलतं करून ऐकतो, तो निवडा.

मराठीतही पहिल्या आवाजावर 'क-क-क' होत असेल, बोलताना मान किंवा डोळे ताणले जात असतील, तर ते तोतरेपण आहे. त्यावर माझ्या टाळ्या आणि अवग्रह चालवू नका. "सावकाश बोल, पुन्हा बोल" याने ताण वाढतो. स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे, तिथे बोलण्याची आणि ऐकण्याची दोन्ही तपासणी होते.

'स', 'श', 'फ', 'थ' हे आवाज सतत एकमेकांत मिसळत असतील, टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर आधी कान तपासा. गिरणीच्या लूम शेडमध्ये, मागांच्या आवाजात वर्षं काढलेल्यांच्या कानांचं असं झालेलं मी घरोघर पाहिलंय. जे ऐकूच येत नाही त्याचा उच्चार सुधारता येत नाही.

मूल मराठीतही अंदाजाने वाचत असेल, अक्षरं उलटसुलट लिहीत असेल, तोंडी सगळं येतं पण कागदावर काही उतरत नसेल, तर त्याला आळशी म्हणू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे जितक्या लवकर कराल तितकं बरं. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करणारे पालक दर वर्षी भेटतात.

आणि काल नीट बोलणारा माणूस आज अचानक शब्द शोधतोय, बोलणं जड झालंय, तोंड एका बाजूला ओढलंय, हात वर होत नाही, तर हा उच्चाराचा प्रश्नच नाही. १०८ ला फोन करा, किंवा टॅक्सीत घालून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.